मोराची हळद

फार मागची गोष्ट आहे. वाघजाळीच्या ओढ्याला तेव्हा बारा महिने पाणी असायचं, आणि माणसं अंगावर गोंदून घेतलं की ते बरं होईस्तोवर दम धरायची. आता ओढाही आटला आणि दमही. ऐकायचंय त्यानं बसावं, चुळबुळ करायचीय त्यानं बाहेर जावं.

त्या काळी गावात एक गोंदणारीण यायची. नाव ठकूबाई. तिचे दोन्ही हात मनगटापासून दंडापर्यंत गोंदलेले. तुळस, विंचू, पाळणा, मोर, काय म्हणाल ते. बायांनी तिच्या हातावर बोट ठेवून "हे काढ" म्हणायचं, की ती तस्संच काढून द्यायची.

बाकीच्या गोंदणारणी सकाळी टोचायच्या आणि दुपारी पुढच्या गावाला चालू लागायच्या. मागं कुणाचा हात सुजला, कुणाचा पिकला, त्यांना काय त्याचं! ठकूबाई तशी नव्हती. ती वेशीजवळच्या कडुनिंबाखाली पाल ठोकायची आणि शेवटच्या माणसाची खपली आपसूक पडेपर्यंत हलायची नाही. कुणी म्हटलं, "काम झालं की बाई, आता कशाला बसलीस?" तर म्हणायची, "टोचणं माझ्या सुईचं काम. बरं होणं तुमच्या हाताचं. सुईवर माझा भरवसा आहे, हातांवर नाही."

रोज सकाळी ती कडुनिंबाचा पाला उकळायची, पाणी निवू द्यायची आणि ज्याचं त्याला गोंदण धुवायला लावायची. आधी हात धुवायचे, मग गोंदण. स्वच्छ मऊ फडक्यानं टिपायचं, घासायचं नाही. मग बोटाच्या टोकावर मावेल एवढंच खोबरेल. एखादी बाई वाटीच उपडी करायला लागली की ठकूबाई ओरडायची, "अगं, तेल लावायचंय, तळायचं नाही!" कान टोचायचा सोनार, पण टोचलेले कानही तिच्याच पालापाशी यायचे. म्हशी बसतात त्या पाण्यात डुंबायचं नाही. खाज सुटली तर फुंकर मारायची, नख लावायचं नाही. "खपली म्हणजे देवानं ठेवलेलं झाकण आहे," ती म्हणायची. "आत भात शिजतोय तोवर झाकण काढतं का कुणी?"

आणि कुणाचा हात खाजवायला वर गेला रे गेला, की तिची आरोळी यायची, "हात खाली!"

ती आरोळी ओढ्यापलीकडं जायची, असं म्हणतात. एकदा पलीकडच्या वस्तीत एक चोर भरदुपारी कुणाच्या तरी कणगीत हात घालत होता. इकडं ठकूबाई कुठल्याशा पोरावर ओरडली आणि तिकडं चोरानं हात खाली घेतला, पायलीभर जोंधळे तिथंच टाकून पळाला. मी नव्हतो बघायला. पण तो चोर आमच्याच भावकीतला होता, म्हणून मला खरं वाटतं.

आता हौसाचं ऐका. हौसा म्हणजे गेनबा माळकऱ्याची एकुलती लेक. तिची आई ती रांगत होती तेव्हाच गेली. आईच्या डाव्या हातावर मोर होता, ठकूबाईनंच गोंदलेला. हौसाला आईचा चेहरा आठवत नव्हता, मोर तेवढा आठवत होता. लग्न ठरलं तेव्हा ती ठकूबाईकडं आली आणि म्हणाली, "मावशी, मला आईचा मोर पाहिजे. सासरी जाताना आई संगं येईल."

ठकूबाईनं मोर गोंदला. लग्नाला अवकाश होता, बरं व्हायला पुरेसा वेळ होता. पण मध्येच सासरकडून निरोप आला, पुढं अधिक महिना लागतोय, लग्न अलीकडं ओढा. ओढलं. झालं काय, हळदीचा दिवस आला आणि मोरावर खपली तशीच.

मांडवात बाया जमल्या. नवऱ्याची मावशी उष्टी हळद घेऊन आली, ठसक्याची बाई. हौसाची बयाआत्या वाटी घेऊन उठली आणि तिनं हौसाचा डावा हात धरला. तेवढ्यात मांडवाच्या दारातून आरोळी आली, "हात खाली!"

सगळ्यांचे हात खाली आले. वाजंत्र्याची काठीसुद्धा ढोलावरून खाली आली, असं म्हणतात.

"कोण गं ही म्हातारी?" मावशी कडाडली. "हळदीला आडवी येती?"

"हळदीला नाही, हातांना आडवी आलेय," ठकूबाई म्हणाली. "हळद वाईट नाही. पण आत्ता कुणी शेण काढून आलंय, कुणी पोराचं नाक पुसून आलंय, आणि सगळ्या मिळून पोरीला भांड्यागत घासणार. खपली निघाली की मोर निघाला. आणि हात पिकला तर हातही जायचा. एवढा डावा हात सोडून बाकी काय रंगवायचं ते रंगवा."

"आमच्यात अर्धी हळद चालत नाही. हात कोरा राहिला तर नवरी नेणार नाही आम्ही."

गेनबाचा चेहरा पडला. "ठकूबाई," तो म्हणाला, "लगीन मोडंल गं. एक बोट लावू दे."

हौसानं डोळे पुसले आणि हात आपणहून पुढं केला. "लावा आत्या. मोर गेला तर जाऊ दे. आबांची मान खाली नको जायला."

"गप बस!" ठकूबाई म्हणाली. "एकदा आई गेली तुझी. दुसऱ्यांदा मी जाऊ द्यायची नाही."

आणि तिनं पदर मागं सारून आपला डावा हात मांडवात पुढं केला. "हा बघा मोर. हिच्या आईनं ह्याच्यावरच बोट ठेवलं होतं. हिचा, आईचा, माझा, मोर एकच आहे. लावा ह्याला हळद. ह्याला लागली ती हिला लागली."

आता ठकूबाईचा नवरा कधीच वारलेला. विधवेच्या हाताला नवरीची हळद! बायांनी तोंडावर पदर घेतले. बयाआत्यानं वाटी मागं घेतली.

नवरदेवाच्या मावशीनं मात्र आपल्याच हाताकडं पाहिलं. तिच्या डाव्या हातावर एक काळा डाग होता, कडेनं कातडी आक्रसलेली. कधीकाळी ती तुळस होती. तिच्या लग्नातल्या हळदीत बायांनी घासली, पुढं हात पिकला, महिनाभर तापानं फणफणली आणि तुळशीचा डाग झाला. त्या वेळी "हात खाली" म्हणणारं कुणी नव्हतं.

मावशी उठली. तिनं बयाआत्याच्या हातातली वाटी घेतली आणि ठकूबाईच्या मोराला हळद लावली, आधी पिसाऱ्याला, मग मानेला. "बघत काय बसलायसा?" ती बायांवर ओरडली. "गाणी म्हणा की!"

तेव्हा वैशाखाचं ऊन तापलेलं होतं, आभाळात ढग नव्हता. पण हळद लागली आणि डोंगरावरचे मोर ओरडायला लागले. एक ओरडला, मग सगळा डोंगर ओरडला, असं म्हणतात.

लग्न लागलं. वरात निघाली तेव्हा बैलगाडीत हौसाच्या शेजारी पाठराखीण म्हणून कोण बसलं असेल? ठकूबाईच. खपली पडली नव्हती ना अजून! सासरी जाऊन तिनं आधी कडुनिंब कुठं आहे ते विचारलं. पुढं खपली आपसूक पडली आणि खालून मोर निघाला, हिरवानिळा, एक पीस तुटलेलं नाही. आणि त्याच्या मानेवर पिवळी झाक होती. त्या हाताला तर कुणी हळद लावली नव्हती. आता ती कुठून आली, मला विचारू नका.

तिथून ठकूबाई पुढं गेली. कुठं गेली, कुठं मेली, कुणाला ठाऊक नाही.

पण आमच्या गावात अजून पोरांचे कान टोचले की पोरगं आधी वेशीच्या कडुनिंबाला भेटवतात. त्याचा हात कानाकडं गेला, की येणाराजाणारा कुणीही, ओळखीचा असो नसो, ओरडतो, "हात खाली!" शहरातून मशीनवर गोंदून येणारी पोरं आधी हसतात. मग गपचूप हात खाली घेतात.

आणि वाघजाळीच्या नवरीच्या डाव्या हाताला आम्ही हळद लावत नाही, गोंदण असो वा नसो. त्या हाताची हळद बाया कडुनिंबाच्या खोडाला लावून येतात. खोड त्या बाजूनं पिवळंधमक झालंय. परगावचे पाहुणे विचारतात, "हळद कमी पडली काय हो तुमच्यात?"

आम्ही सांगतो, "नाही पाव्हणं. तो हात ठकूबाईच्या राखणीत आहे."