भाकरी थापताना बोललेले वाक्य

एकदा एक तरुण लेखिका एका वृद्ध संपादकांकडे लेखनाचे धडे घेण्यास जात असे. संपादकांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे लेख दुरुस्त केले होते आणि स्वतःच्या नावाने फारसे काही छापले नव्हते. निवृत्तीनंतर ते आपल्या बैठ्या घरात राहत. जो कोणी येई त्याला चहा देत आणि त्याचा लेख वाचत.

लेखिका कोणत्याच वृत्तपत्रात नोकरीला नव्हती. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांचे संपादक तिला विषय देत, मुदत देत, शब्दमर्यादा देत आणि ती लेख लिहून पाठवी. अशा लेखकाचा पुढचा लेख नेहमी मागच्या लेखावर टांगलेला असतो. लेख फसला तर त्याला कोणी रागावत नाही, कोणी कामावरून काढून टाकत नाही. फक्त फोन यायचे थांबतात.

हे भय तिला चांगले ठाऊक होते. पण तिच्या मनात भयाहून मोठी एक इच्छा होती. आपल्या लिहिण्याने काहीतरी बदलले पाहिजे, आणि ते लवकर बदलले पाहिजे.

अशातच एका मोठ्या दैनिकाच्या रविवार पुरवणीने तिला प्रथमच पहिल्या पानाचा लेख दिला. अंक खाद्यविशेष होता. विषय होता, मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातला एक दिवस. फोनवर पुरवणीचे संपादक भराभर बोलत होते आणि ती भराभर "हो सर, समजलं सर" म्हणत होती. पुन्हा विचारले तर आपण नवख्या वाटू, अशी तिला धास्ती होती.

ती वसतिगृहात गेली. तिथले जेवण एका ठेकेदाराकडे होते आणि स्वयंपाकाच्या बायका त्याच्याच हाताखाली राबत होत्या. बाकीच्या बायका पाहुणी पाहून गप्प झाल्या, पण द्वारकाबाई नावाची एक बाई भाकरी थापता थापता तिच्याशी मोकळेपणाने बोलत राहिली. बोलता बोलता म्हणाली, "डाळीचं पोतं पुढच्या दारानं आत येतं, ताई, आन् अर्धं मागच्या दारानं ठेकेदाराच्या गाडीत जातं." एवढे म्हणून तिने भाकरी तव्यावर टाकली आणि विषय बदलला.

लेखिकेचा विषय मात्र तेथून बदललाच नाही. घरी येऊन तिने लेख लिहिला. त्याचा प्रारंभ त्याच वाक्याने केला आणि वाक्यापुढे द्वारकाबाईचे नाव, आडनाव, सगळे लिहिले. लेख संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. दुपारी तो घेऊन ती वृद्ध संपादकांकडे आली. आपण फार मोठे काही लिहिले आहे याची तिला खात्री होती.

वृद्धांनी लेख हातातही घेतला नाही. त्यांनी विचारले, "यात माणसं कोण कोण आहेत?"

"द्वारकाबाई आणि ठेकेदार. बाकी नावं नाहीत."

"आणि लेख जाणार कुणाकडे?"

"पुरवणीच्या संपादकांकडे. मग वाचकांकडे. सर, तुम्ही एकदा नजर टाका ना. वेळ होतोय."

"वेळ होतोय म्हणूनच सांगतो. आतून खुर्च्या आण. प्रत्येकाला एक."

"खुर्च्या?"

"माणसं उभी ठेवणार आहेस का?"

तिला वाटले, वय झाले. पण गुरूंपुढे बोलता येईना. पुरवणीच्या संपादकांसाठी तिने हातांची मोठी खुर्ची ओढून आणली. वाचकासाठी वेताची. ठेकेदारासाठी भिंतीला टेकवलेली लोखंडी घडीची खुर्ची उघडली. मग घरात खुर्ची उरली नाही. न्हाणीघरापाशी एक बादली होती, ती तिने पालथी घालून द्वारकाबाईसाठी मांडली. वृद्ध ते पाहत होते.

"आता एकेका ठिकाणी बस. जिथे बसशील तो माणूस हो, आणि लेख मोठ्याने वाच."

तेवढ्यात तिच्या फोनवर पुरवणीच्या संपादकांचा निरोप आला. 'लेख कुठवर?' ती घाईघाईने मोठ्या खुर्चीत बसली आणि वाचू लागली. दोन परिच्छेद झाले तेव्हा वृद्धांनी हात वर केला.

"बोला संपादकमहाशय, तुम्ही काय मागितलं होतं?"

ती अडखळली. मग स्वतःलाच हसू येऊन म्हणाली, "मी स्वयंपाकघरातला एक दिवस मागितला होता. हिने खटलाच दाखल केलाय."

"दिवस कुठे आहे?"

"नाही आलेला. सकाळ आहे थोडी. दुपारपासून लेख तावातावाने भलतीकडेच गेलाय."

"हं. पुढे."

वेताच्या खुर्चीवर वाचकाला कळेना, की हे वसतिगृह कोणत्या मुलींचे, त्या येतात कुठून, आणि मेस म्हणजे एक खोली की चार. सगळे तिच्या डोक्यात होते, म्हणून कागदावर यायचे राहून गेले होते. लोखंडी खुर्चीवर मात्र ती नीट बसेचना.

"याच्या जागेवरून मी कशाला वाचू? चोराला काय विचारायचं?"

"चोर आहे हे कशावरून?"

"द्वारकाबाई म्हणाल्या."

"त्यांनी पाहिलं?"

पाहिले का, हे तिने विचारलेच नव्हते. इतके सुंदर वाक्य हाती आल्यावर त्याला प्रश्न विचारण्याची छाती तिला झाली नव्हती.

"बरं. आता तिथे," वृद्ध बादलीकडे बोट दाखवून म्हणाले.

ती बादलीवर बसली. बादली डुगडुगत होती, पाय नीट टेकत नव्हते. तिने पहिले वाक्य वाचायला घेतले. "डाळीचं पोतं पुढच्या दारानं आत येतं, असे द्वारकाबाई..." नावापाशी ती थांबली. रविवारची सकाळ तिला दिसू लागली. ठेकेदार वृत्तपत्र घेऊन स्वयंपाकघरात शिरला आहे, बायका चुलीपाशी उभ्या आहेत, आणि पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत एकाच बाईचे नाव आहे. तिने पुन्हा वाचायचा प्रयत्न केला. पुन्हा तेथेच थांबली.

"सर, हिला कामावरून काढतील."

"बहुधा."

"पण मी तिच्याच बाजूने लिहिलंय!"

"तिच्या बाजूने लिहिलंस, आणि तिला बादली दिलीस."

लेखिकेचा चेहरा उतरला. वृद्धांनी आवाज जरा मऊ केला.

"ते मनाला लावून घेऊ नकोस, पण विसरूही नकोस. हे बघ, लेख आपण एका जागेवर बसून लिहितो, पण तो जाऊन पडतो अनेकांच्या अंगावर. जो त्यात सगळ्यांत खाली आहे त्याच्यावर सगळ्यांत जोरात. ती बाई तुझ्याशी बोलली, गावाशी नाही. तुझ्याशी बोललेलं गावापुढे न्यायचं असेल तर तिला पुन्हा विचारावं लागतं. लेखक दुसऱ्यांदा फोन करत नाहीत. वेळ नव्हता म्हणतात. खरं कारण वेगळंच असतं. हातात आलेलं चांगलं वाक्य निसटून जाईल, ही भीती."

"आणि ती नाही म्हणाली तर? मग अन्याय तसाच राहू द्यायचा? सर, तुम्ही मला घाबरायला शिकवताय."

"घाबरायला नाही. आपण कुणाच्या जिवावर धीट होतोय, ते पाहायला."

बाहेर ऊन उतरू लागले होते. तिने द्वारकाबाईने दिलेल्या नंबरावर फोन लावला. पलीकडे भांड्यांचा कल्लोळ ऐकू आला.

"कोन? पेपरवाल्या ताई व्हय? बोला, पन लवकर बोला. पीठ भिजवलंय."

लेखिकेने ते वाक्य वाचून दाखवले. भांड्यांचा आवाज एकाएकी दूर गेला. द्वारकाबाई फोन घेऊन बाहेर आली असावी.

"हे मी बोलले?"

"हो."

"बोलले आसंन. तुम्ही घरच्यावानी बसला व्हता, म्हनून बोलले." मग तिने आवाज खाली आणला. "ताई, नाव काढा. पाया पडते तुमच्या. मालक उभं राहू देनार न्हाई मला."

"तुम्ही पोतं जाताना पाहिलंत का?"

"मी चुलीम्होरं असते, मला काय दिसतंय? बाया बोलत्यात." मग एकदम, "हसू नका ताई, मला लई भ्या वाटतंय."

लेखिका हसली नव्हती. तिला हुंदका फुटला होता. "नाव काढते," ती म्हणाली. "वाक्यही काढते. तुमच्यापर्यंत काही येणार नाही." कारण तिच्या ध्यानात आले होते, की नुसते नाव काढून भागणार नाही. पाहुणीशी त्या दिवशी कोण बोलत होते, हे स्वयंपाकघरातल्या सगळ्यांनी पाहिले होते.

फोन ठेवून तिने त्या वाक्यावर आडवी रेघ ओढली. वाक्य गेले आणि त्याबरोबर लेखाचा प्राणच गेला असे तिला वाटले. पुरवणीच्या संपादकांचा आणखी एक निरोप आला. तो तिने उघडलाही नाही.

"संपलं," ती म्हणाली. "आता माझ्याकडे काहीच नाही. पुन्हा मला कोणी फोन करणार नाही."

"तू तिथे दिवसभर होतीस. काय केलंस?"

"बसले. पाहिलं. दुपारी मुलींच्या पंगतीत जेवले."

"काय जेवलीस?"

"भाकरी, वांग्याची भाजी, वरण. वरण म्हणजे, सर, सरकारी वाट्या असतात ना, तळाला वसतिगृहाचं नाव घातलेल्या? वरण वाढल्यावरही ते नाव मला वाचता येत होतं. सगळी अक्षरं."

"हे लेखात कुठे आहे?"

"नाहीये. मला वाटलं, मी काय खाल्लं हे कशाला लिहायचं? त्यात कोणी काही बोललेलं नाही."

वृद्ध चहा ठेवायला आत गेले.

ती खालीच बसली आणि लिहू लागली. या वेळी तिने मागितलेला दिवस लिहिला. पहाटेची चूल, पिठाची परात, ताटे घेऊन रांगेत उभ्या असलेल्या मुली, त्या कोणत्या गावांतून आल्या, हे सारे त्यात आले. दुपारच्या पंगतीपाशी तिने 'मी' लिहिले. मी वाटी उचलली, मी वरणातून तळाचे नाव वाचले. मग तिने ठेकेदारालाही फोन केला.

"मी तुमच्या मेसमध्ये जेवले. वरण इतकं पातळ का असतं?"

"मुलींना पातळच आवडतं, मॅडम," ठेकेदार म्हणाला. "घट्ट केलं तर टाकून देतात."

तिने ते वाक्य त्याच्या नावासह जसेच्या तसे लिहिले. छापणार आहे, हे त्याला सांगूनही टाकले. "छापा की," तो म्हणाला, "खरंच आहे ते."

मुदत संपता संपता लेख गेला. पुरवणीच्या संपादकांकडून एकच शब्द आला. 'मिळाला.' आवडला की नाही, कळायला मार्ग नव्हता. रविवारपर्यंत तिच्या गळ्याखाली धड घास उतरला नाही. नाव काढले खरे, पण ठेकेदार ओळखेल का? त्या वाटीमागे तो कुणाला शोधेल?

रविवारी लेख पहिल्या पानावर आला. सकाळ सरली तरी फोन वाजला नाही. दुपार होता होता वाजला तेव्हा पडद्यावर द्वारकाबाईचे नाव होते. तिने फोन कानाला लावला.

"ताई, हाय का तिकडं?"

"आहे. बोला. काय झालं?"

"आला व्हता मालक पेपर घेऊन. समद्यांम्होरं मोठ्यानं वाचला. एकेकीला म्होरं घेऊन इचारलं, कोन बोललं, कोन बोललं. मी म्हनलं, मालक, नीट वाचा की. त्या बाईनं सोताच खाल्लंय. आन् तुम्ही सोताच बोललाय."

"मग?"

"मंग काय! गप पेपराची घडी घालून गेला." द्वारकाबाई दबक्या आवाजात हसली. "जाताना म्हनला, आज डाळ जरा जास्त घाला. उद्याचं उद्या, ताई. कोन सांगावं."

"तुम्ही... कामावर आहात ना?"

"मंग बोलते कुठनं? चुलीपासनंच. ठेवू का आता? तवा तापलाय."

फोन बंद झाल्यावरही लेखिका बराच वेळ तो हातात धरून बसली. लेख गाजेल का, पुन्हा काम मिळेल का, हे प्रश्न सकाळी होते तसेच होते. पण तिने उठून ताट वाढून घेतले.

ज्याच्या शब्दांवर आपला लेख उभा राहतो, त्याला दुसऱ्या दिवशीही त्याच चुलीपुढे उभे राहायचे असते.