एकाआड एक उठलेली पंगत

एका राज्यात राजाने गावजेवण घातले आणि नेमके मांत्रिकालाच आवतण धाडायचे विसरला. मांत्रिक आला तो पेटलेलाच. बसलेल्या पंगतीच्या पंगती त्याने दगड करून टाकल्या आणि सातशे वह्या दारात आपटल्या. पंगत बसली होती त्याच क्रमाने वहीत एकेका माणसाची ओळ होती. जो दगड झाला त्याच्या शेवटच्या चौकटीत 'शिळा' असे लिहिलेले. ती ओळ वहीतून काढून टाकली की खालची ओळ आपोआप वर सरके आणि तो माणूस जिवंत होई. मुदत तिसऱ्या दिवसाच्या सूर्यास्ताची.

कमळजा दप्तरखान्यात लिहिणारी. तिचा धाकटा भाऊ सुभान तोंडाशी घास नेतानाच दगड झालेला. तिला दुसरे कोणी नव्हते. हाताने एक ओळ काढायला घटका लागे. सातशे वह्यांना जन्म पुरला नसता.

पहिल्या दिवशी तिने रानातून चोचीने क्षणात ओळ काढणारी बोलकी साळुंकी आणली. साळुंकीने बजावले, "सांगशील तेवढेच करीन."

दुसऱ्या दिवशी कमळजाने तिला शिकवले. वही उघड, वरून खाली जा, शिळा दिसली की ती ओळ काढ, मग पुढच्या ओळीवर जा. तिसऱ्या सकाळी एक वही करून पाहिली. ती जेवून उठलेल्या पंगतीची, म्हणून तीत मागे रेंगाळलेल्यांच्या शिळा तीनच, त्याही दूरदूर. तिघेही उठले. झाले, बाई निर्धास्त झाली! दिवसभर ती वह्या पुढे करीत राहिली, साळुंकी भराभर ओळी काढीत राहिली.

सूर्य टेकला तेव्हा ती पंगतीकडे धावली. एक माणूस हात झटकत उठला होता, शेजारचा दगड. त्यापुढचा उठलेला, त्याच्या शेजारचा दगड. सुभान दगडच होता.

साळुंकीला विचारले तर ती म्हणाली, "ओळ काढली तेव्हा खालची तिच्या जागी आली. तू पुढे जा म्हणालीस, मी पुढे गेले. वर सरकलेली ती बघायची राहिली."

तेवढ्यात सूर्य बुडाला.

मुदत सरली, उरले ते कायमचे दगड. राज्य सुरळीत झाले. राजाने कमळजाला शेला दिला आणि म्हणाला, "अर्धी रयत परत आणलीस, हे काय थोडे झाले?" राजाच तो, त्याचे कोण बसले होते पंगतीत! उरलेल्या दगडांच्या त्याने दरबाराला पायऱ्या केल्या.

त्या राज्यात तेव्हापासून वही खालून वर तपासतात, म्हणजे वर सरकणारी ओळ आधीच पाहून झालेली असते. कमळजाच सगळ्यांना तसे शिकवते. रोज दरबारात जाते, पण सातव्या पायरीवर कधी पाय देत नाही.