राणीने परत घेतलेला शब्द

एका राज्यात राणीला शब्द फार जपून वापरावे लागत. तिच्या उजव्या हातात पूर्वजांची नीलमण्याची अंगठी होती, आणि ती घालून राणी जी आज्ञा करी ती घडे. नदीला ‘वळ’ म्हटले की नदी वळे. वणव्याला ‘विझ’ म्हटले की वणवा विझे. या आज्ञेला राजशब्द म्हणत. अट एकच. दिलेला राजशब्द परत घेतला की अंगठी कायमची विझणार. म्हणून सात पिढ्यांत कुणी शब्द परत घेतला नव्हता, चुकीचासुद्धा. राणीच्या आजोबांनी एकदा रागाच्या भरात एका टेकडीला ‘दूर हो’ म्हटले होते. ती टेकडी अजून दरवर्षी वीतभर सरकत होती आणि पायथ्याचे शेतकरी दरवर्षी बांध नव्याने घालत होते. तक्रार कुणाकडे करणार?

राणीचे नाव इरावती. अशी राणी मी दुसरी पाहिली नाही. विसाव्या वर्षी तिने घाट चढून आलेले परके सैन्य पिटाळले, तेही अंगठी खिशात ठेवून. माझी माणसे माझ्यासाठी लढतात की दगडाच्या धाकाने, हे तिला बघायचे होते. त्या लढाईत ती घोड्यावरून पडली, तेव्हा तिचा शिकारी कुत्रा ढग्या तिच्या अंगावर आडवा पडून राहिला. तीन बाण लागले, पण हलला नाही. पावसाळी ढगाच्या रंगाचा, कमरेएवढा उंच, आणि राणीखेरीज कुणाच्या बापाला न जुमानणारा असा हा ढग्या.

ढग्या चौदा वर्षांचा झाला आणि एका सकाळी त्याचा श्वास मंदावला. श्वानशाळेचा म्हातारा सुभाना, ज्याने त्याला पिल्लू असताना बोटाने दूध चाटवले होते, त्याने दरबारात निरोप धाडला. राणी सिंहासनावरून उठून धावत आली. तिने ढग्याला मिठी मारली आणि म्हणाली, “थांब, ढग्या. थांब.”

ढग्याचा श्वास पुन्हा चालू झाला. राजवाड्यात पेढे वाटले गेले. आनंदाच्या भरात राणीच्या बोटातल्या अंगठीकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

दोन वर्षे लोटली. ढग्या थांबला होता, म्हातारपण मात्र थांबले नव्हते. डोळे गेले, मागचे पाय गेले. कूस बदलायची तर तो कण्हे. शिवाय राज्यात एक विचित्र गोष्ट घडू लागली. झाडांची पिकली पाने गळेनात. फांद्या पिवळ्या पानांनी वाकल्या, आणि नव्या पालवीला जागाच उरली नाही. ज्योतिष्यांनी याची बारा कारणे सांगितली. एकही बरोबर नव्हते.

शेवटी राणी काळकड्यावर गेली. तिथे एक मांत्रिक राहत असे. तो मरून शंभर वर्षे झाली होती आणि त्याचे काम आता त्याचा धनेश पक्षी बघत असे. मोठी चोच, त्याहून मोठा तोरा.

“काय हवं?” धनेशाने विचारले.

“माझ्या कुत्र्याला औषध.”

“त्याला जे सर्वांत प्रिय, अशा तीन गोष्टी त्याच्यापुढे ने. तिन्हींनी काय होतं ते मला येऊन सांग. मग औषधाचं बोलू.”

पहिली गोष्ट होती धुमसत्या तळ्याकाठच्या रानडुकराचे हाड. ते डुक्कर नाकातून आग सोडी. राणीने त्याला एकटीने भाल्याने लोळवले आणि हाड आणले. ढग्याने हाड हुंगले, मग तोंड फिरवले.

दुसरी गोष्ट, ज्या नदीत तो पोहायला शिकला तिचे पाणी. ती नदी रुसून जमिनीखाली गेली होती. राणी दोराने चाळीस पुरुष खोल उतरली, नदीची समजूत काढली आणि एक घागर घेऊन आली. ढग्याचे पंजे तिने त्या पाण्यात बुडवले. पूर्वी पाणी दिसताच ज्याच्या अंगात वारे भरे, तो ढग्या नुसता थरथरला.

तिसऱ्या गोष्टीसाठी कुठे जायचे नव्हते. राणी महाद्वारात उभी राहिली आणि मोहिमेवरून परतल्यावर मारी तशी हाक मारली, “ढग्याऽऽ!”

ढग्याची शेपटी हलली! तो पुढच्या पायांवर उठला, पडला, पुन्हा उठला, आणि अंग ओढत आवाजाच्या दिशेने निघाला. राणीच्या डोळ्यांत पाणी आले. त्याच पावली ती काळकडा चढली.

“तो उठला! त्याला जगायचं आहे!”

“दुखत असताना का उठला?” धनेश म्हणाला.

“मी हाक मारली म्हणून.”

“हाड त्याला नको, नदी नको. तू हाक मारलीस म्हणून तो उठतो. थांब म्हणालीस म्हणून थांबतो. यात त्याचं स्वतःचं काय उरलं, राणी?”

राणीने बोटाकडे पाहिले. तिला ती सकाळ आठवली. तिने धनेशाला हात जोडले आणि कडा उतरली. औषध तिने मागितले नाही.

वाड्यात अमात्य आडवे आले. “शब्द परत घेतलात तर अंगठी विझेल. पुढे नदी ऐकणार नाही, वणवा ऐकणार नाही. एका कुत्र्यासाठी?”

“अमात्य, ती टेकडी अजून सरकते आहे,” राणी म्हणाली. “सात पिढ्या आपण फक्त चुका सांभाळल्या. बाजूला व्हा.”

रणांगणात तिला पाहिलेल्यांना ती तेव्हा शूर वाटली होती. मला ती या क्षणी जास्त शूर वाटते.

सुभाना ढग्याचे डोके मांडीवर घेऊन बसला होता. राणी त्याच्याजवळ जमिनीवर बसली.

“काका, कधी?”

“आज अंगणात ऊन छान पडलंय, राणीसाहेब. त्याला ऊन आवडतं.”

“ऊन उद्याही पडेल.”

“व्हय. आणि उद्याही तुम्ही हेच म्हणाल.”

राणीने ढग्याला दोन्ही हातांवर उचलले. एके काळी तिला लोळवणारा तो देह आता पिसांच्या पोत्याएवढा हलका झाला होता. तिने त्याला उन्हात ठेवले आणि ती त्याच्याजवळ आडवी झाली, जसा तो रणात तिच्यासाठी झाला होता तशी. सुभानाने त्याच्या कानामागे खाजवले. त्या जागेची माहिती फक्त त्यालाच होती.

“ढग्या,” राणी म्हणाली. अंगठीचा हात तिने त्याच्यापुढे धरला. “ढग्या, माझा शब्द मी परत घेते. तुझा पहारा संपला. जा, बाळा.”

ढग्याने हनुवटी तिच्या तळहातावर टेकवली, एक लांब उसासा सोडला आणि तो गेला. नीलमणी विझला. राणी मोठ्याने रडली, सगळ्यांदेखत, आणि कुणी तिला आवरले नाही.

तेवढ्यात पाने गळू लागली. दोन वर्षांची पाने एकदम. अंगणात गुडघाभर थर साचला. आठवड्याभरात झाडांना तांबूस पालवी फुटली. अंगठीबरोबर जुने राजशब्दही विझले होते. टेकडी जागच्या जागी थांबली, आणि पायथ्याच्या शेतकऱ्यांनी शेवटचा बांध घातला.

राणी इरावतीने पुढे तीस वर्षे राज्य केले. वणवा लागला की ती लोकांबरोबर घागरी घेऊन धावे. विझलेली अंगठी तिने बोटातून काढली नाही. ‘थांब’ म्हणायची वेळ आली, की ती आधी त्या दगडाकडे बघे.

जशी ढग्याला मिळाली, तशी उन्हातली रजा प्रत्येक इमानी जिवाला त्याच्या माणसाच्या हातून वेळेवर मिळो.