आजच्या खेळात

“हा कागद छापला कधी? खेळाच्या आधी की नंतर?”

आप्पा नेर्लेकरांनी विचारलं आणि शाल्मलीला हसू आलं. ओहायोतल्या चार वर्षांत असला प्रश्न तिला एकाही प्राध्यापकानं विचारला नव्हता.

“आधीच छापतात ना, आप्पा. लोक आत येताना हातात द्यायला.”

“बरं,” आप्पा म्हणाले, आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला लागले.

ती आली होती वेगळ्याच अपेक्षेनं. पुण्याच्या प्रकाशकांनी सांगितलं होतं, कोल्हापुरात नेर्लेकर म्हणून आहेत, साठ वर्षं नाटकात काढलीत, पुस्तकाला त्यांचे चार शब्द घे. वाटेत तिनं चित्र रंगवून ठेवलं होतं: भिंतभर मानपत्रं, कपाटात ढाली, परीटघडीच्या धोतरातले नटवर्य. सापडलं ते ड्रेपरीचं दुकान, नाटकवाल्यांना भाड्यानं कपडे देणारं. दोरीवर राजांचे अंगरखे वाळत होते, स्टुलावर हवालदाराची टोपी होती, आणि नुसत्या बनियनवर बसलेले आप्पा कुठल्याशा शकुनीच्या बाहीला टाके घालत होते. भिंतीवर एक कॅलेंडर, तेही गेल्या वर्षीचं.

“मानपत्रं कुठं ठेवता?” तिनं आल्या आल्या विचारलं होतं.

“आधी मिळायला लागतात,” आप्पा म्हणाले होते. “मी बदली नट. नायकाचा घसा बसला की मी उभा राहायचा. कंपनीच्या एका हँडबिलावर माझं नाव नाही बघ.”

शाल्मली जरा खट्टू झाली होती. पण ती खट्टू फार वेळ राहणारी मुलगी नव्हती. तिनं पिशवी उघडली होती आणि अंगरख्यांच्या मध्ये, जमिनीवरच, अमेरिका मांडली होती.

नाटकांच्या खेळांची तीनशेच्या वर पत्रकं होती. ओहायोत ती ज्या घरी राहायची, त्या घरच्या म्हातारीची आई एका नाटकगृहाच्या दारात पत्रकं वाटायची. आईनं जमवलेली, लेकीनं वाढवलेली ही थप्पी म्हातारीनं जाताना शाल्मलीच्या हाती दिली होती.

“ही बघा, १८४८ सालची. हातभर लांब. एकाच संध्याकाळी शोकांतिका, मग विनोदी गाणं, मग खलाशाचा नाच, मग प्रहसन.”

“घरी जायची घाई नव्हती म्हणायची कुणाला.”

“आणि इथं तळाला बघा. काळ्या लोकांसाठी वरची गॅलरी वेगळी. इतिहासाची पुस्तकं हे एका ओळीत उरकतात, आप्पा. इथं ते दार किती वाजता उघडणार त्याच्या शेजारी छापलंय. छापणाऱ्याला काही वाटलंसुद्धा नाही.”

आप्पांनी तो कागद दिव्याकडे धरला… आणि हळूच खाली ठेवला.

“आणि हे पुढच्या काळातलं. ‘आत्ताच आजूबाजूला पाहा. जवळचं दार हेरून ठेवा. आग लागल्यास त्या दाराकडे चालत जा, पळू नका.’”

“हे झकास लिहिलंय,” आप्पा म्हणाले. “लेखक कोण?”

शाल्मली हसली, पण तिचे डोळे चमकत होते. “आप्पा, ती नाटकं विरून गेली, थिएटरं पाडली, माणसं गेली. कागद उरला. अख्ख्या देशाची रंगभूमी या कागदांत जिवंत आहे. आपल्याकडं हे कुणी जपलं नाही, म्हणून तर मी परत आले. माझं पुस्तक वाचून लोक माळ्यावरची हँडबिलं खाली काढतील, बघा तुम्ही.”

“काढतील की. रद्दीचा भाव वाढलाच आहे.”

“चेष्टा करू नका. चौथं प्रकरण ऐका. कॉर्नेलिया ॲबट. क्लीव्हलंड, १९१०-११. एलिनॉरची भूमिका. सव्वीस आठवडे, दोनशे बारा खेळ. सव्वीसही आठवड्यांची पत्रकं आहेत माझ्याकडे, आणि सगळ्यांवर तिचं नाव. बर्फ पडला, बाप वारला, बाईनं एक खेळ चुकवला नाही. या प्रकरणासाठीच मी पुस्तक लिहिलं असं म्हणा. उद्या छापायला जातंय.”

आप्पांनी त्या सव्वीसांतलं एक पत्रक उचललं. वाचलं नाही. त्यांना इंग्रजी यायचं नाही. कापड चाचपावं तसं त्यांनी आतलं पान अंगठ्यानं चाचपलं.

“इथं काय टाचलं होतं?”

पानावर गंजाचे दोन ठिपके होते, आणि त्यांच्याभोवती पत्त्याएवढा एक चौकोन बाकीच्या पानाहून कमी पिवळा.

“चिठ्ठी असायची. कुणी आजारी पडलं की ऐनवेळी छापून लावायचे. अशा एकसष्ट निघाल्या सगळ्या थप्पीत.”

“मग?”

“मी काढून पाकिटात ठेवल्या. स्कॅन करताना मध्ये यायच्या. खालची नावं झाकली जायची.”

“कुठल्या कागदाची कुठली, ते लिहून ठेवलंस?”

“…नाही.”

“एक वाच बघू.”

तिनं पाकिटातून हाताला लागली ती चिठ्ठी काढली आणि मराठी करत वाचायला लागली.

“‘आजच्या खेळात एलिनॉरची भूमिका मिस हॅटी लूमिस…’”

तिनं ते नाव पुन्हा पाहिलं.

“…‘करतील.’”

“कुठल्या आजच्या?” आप्पांनी विचारलं.

तिनं चिठ्ठी उलटी केली. सुलटी केली. तारीख नव्हती.

“एलिनॉर नावाची पात्रं शंभर नाटकांत असतात, आप्पा.”

“असतील की.”

“आणि असली तरी एखाद्या दिवशीचा अपवाद. पुरावा म्हणजे पत्रक. छापील, सालवार, एकापुढे एक. एवढ्याशा चिठ्ठीवरून काही…”

तिनं वाक्य तिथंच सोडलं. आप्पा उठले होते. दोरीवरचा एक जुना अंगरखा त्यांनी खाली घेतला, जरीचा, लालभडक.

“हा आमच्या नायकाचा. कसाय?”

“देखणा आहे.”

आप्पांनी तो उलटा करून तिच्या मांडीवर टाकला.

“शिवण बघ.”

बगलेखाली शिवणीच्या दोन रेघा होत्या, बोटभर अंतरावर.

“बाहेरची त्याची छाती. आतली माझी. तो आजारी पडला की आत घ्यायचा, तो उठला की उसवायचा.”

“किती वेळा?”

“मोज.”

शाल्मलीनं आतल्या रेघेवर नख फिरवलं. सुईची भोकं एकावर एक पडून तिथलं कापड गाळणीसारखं झालं होतं. ती तीसपर्यंत पोचली आणि चुकली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा चुकली.

आप्पांनी अंगरखा घेतला, सुलटा केला, झटकला. वरून नुसती जर चमकत होती.

“हां,” ते म्हणाले. “आता याच्यावर पुस्तक लिही.”

…

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. शाल्मली पत्रकं गोळा करू लागली. तिचे कान तापले होते.

“उद्या जाणार ना छापायला?” आप्पांनी विचारलं.

“जाणार. सगळं ठरलंय. मुखपृष्ठ छापूनसुद्धा झालं.”

“जाऊ दे की मग.”

“आणि तुमचे चार शब्द?”

“देतो की. नाही कुठं म्हटलं?”

आप्पांनी बिलाच्या वहीचा एक कोरा कागद फाडला, त्यावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं, आणि टाचण्या खोचायच्या उशीतली टाचणी उपसून तो तिनं सोबत आणलेल्या पुस्तकाच्या प्रुफांच्या पहिल्या पानावर टाचला, नेमका तिच्या नावावर. तिनं दुकानाबाहेर येऊन वाचला. मोजून चार शब्द होते.

‘आजच्या खेळात कोण होतं?’

दुसऱ्या दिवशी फटफटताच शाल्मलीनं लॉजच्या खिडकीशी टेबल ओढलं आणि पाकीट रिकामं केलं. चिठ्ठीचा आकार आणि पानावरचा फिका चौकोन. चिठ्ठीची भोकं आणि पानावरचा गंज. एक बसेना. दुसरी बसेना. सोळाव्या पत्रकावर हॅटी लूमिसची चिठ्ठी ठेवली, आणि भोकावर ठिपका, कडेवर कड, अशी ती जागच्या जागी बसली. शाल्मली खुर्चीतून उठून उभीच राहिली. मग पुन्हा वाकून पाहिलं. चिठ्ठीच्या खाली कॉर्नेलिया ॲबटचं नाव पूर्ण झाकलं गेलं होतं.

तिनं प्रकाशकांना फोन लावला.

“पुस्तक थांबवा, काका.”

“अगं, कागद मशीनवर चढतोय. किती दिवस?”

“ते नाही सांगता येत.”

“काय चुकलंय एवढं?”

“चौथं प्रकरण पुन्हा लिहायचंय. आणि चौथं पुन्हा लिहिलं तर बाकीची तशीच ठेवता येणार नाहीत.”

पलीकडून काका बरंच काही बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं, सॉरी म्हटलं, आणि ठाम राहिली. मग चहासुद्धा न घेता ती दुकानाकडे जवळजवळ पळतच गेली.

आप्पा मशीनवर बसले होते. खडखडाट चालू होता.

“थांबवलं पुस्तक,” ती धापा टाकत म्हणाली. “एक जुळली, आप्पा. साठ राहिल्या.”

पुस्तकाचं आप्पांनी काही विचारलं नाही.

“कोण जुळली?”

“हॅटी लूमिस. फेब्रुवारी १९११, तिसरा आठवडा.”

आप्पांनी पाय उचलला. मशीन थांबलं…

“नाव मोठ्यानं म्हण,” ते म्हणाले. “शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे.”