घोगरीची धोंड

खाडीच्या तोंडाशी ती काळी धोंड दिसते ना, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी, ती आमच्या खारशेतची घोगरी. देवीबिवी नाही ती, शेंदूर शोधू नका. पण आमच्याकडे प्रत्येक लग्नात जे पहिलं गाणं म्हणतात, ते हिच्यावर जन्मलं. आणि ते गाणं वाडीतल्या सगळ्यात घोगऱ्या आवाजाच्या बाईनेच सुरू करायचं, अशी इथली रीत. पाहुण्यांना हसू येतं. हसा खुशाल, पण मग ऐकाही.

फार मागे, शिडाच्या होड्या होत्या तेव्हा, धर्मी नावाची पोर सून होऊन इथे आली, असं सांगतात. नवऱ्याचं नाव गोमा. धर्मीला गाण्याची भारी हौस, आणि आवाज मात्र, म्हणे, कोरड्या वाळूवरून होडी ओढावी तसा. त्या काळी लग्नात धवले, म्हणजे आमची लग्नाची गाणी, बायजाआय म्हणायची. तिचा गळा मधाचा. पहिल्याच लग्नात धर्मीने सूर लावला आणि सगळा मांडव खिदळला. बायजाआय म्हणाली, "गो सूनबाय, तू नुसता तोंड हलव. आवाज आमी काढताव."

त्या दिवसापासून धर्मी मुकी झाली. जात्यावर बसली तरी ओठ उघडीना. गोमा समजूत घालायचा, "माना तुजाच आवाज बरा वाटतं गो. गर्दीन बी वलखता येतं." पण तिच्या मनाला लागलं ते लागलंच.

मग मार्गशीर्षातली ती सकाळ उजाडली. होड्या मासळी घेऊन परतत होत्या आणि धुकं असं दाटलं की शेजारचा माणूस दिसेना. वारा पडलेला. भरतीचं पाणी होड्यांना आत, खडकांकडे लोटू लागलं. बायका किनाऱ्यावर धावल्या आणि जी ती आपल्या माणसाला हाका मारू लागली, एक इथून, एक तिथून. होडीतल्यांना वाटे, किनारा चहूबाजूंनी आहे. तेवढ्यात एक होडी खडकाला घासल्याचा आवाज आला. तीत गोमा होता की दुसरं कोणी, हे कोणालाच कळेना.

धर्मी पाण्यात शिरली, पोहत जाऊन या धोंडेवर चढली आणि जीव खाऊन गाऊ लागली:

"उजवे हाताला धोंड रं, डावे हाताला वाट,
ये रं घरा, ये रं घरा, निवत चालला भात!"

तो जाड आवाज बायकांच्या कालव्यातूनही उमटला. सगळ्यांत आधी तो कळला बायजाआयला. शेवटी गाणारीचाच कान तो! ती कडाडली, "गप ऱ्हवा गो सगल्या! तिलाच गाऊ द्या!" किनारा चिडीचूप झाला. एकच आवाज उरला, एकाच जागेवरून येणारा.

आणि धुक्यातून उत्तर आलं, "आयलो गो, आयलो!" ते पहिलं उत्तर गोमाचं होतं म्हणतात. मग दुसऱ्या होडीतून, मग तिसरीतून. एकमेकींना साद देत, धोंड उजवीकडे ठेवत, होड्या आत शिरल्या. फळी फुटलेली होडीसुद्धा पाणी उपसत उपसत पोचली. वाडीचा एकही माणूस गेला नाही. बायजाआयने आपल्या पदराने धर्मीचे ओले केस पुसले आणि म्हणाली, "आता तू सुरू कर. आमी मागून येताव."

आजही मांडवात पहिली ओळ घोगऱ्या गळ्याची, मग गोड गळ्यांनी मागून यायचं. तो मान मिळावा म्हणून पोरी आठवडाभर बर्फाचे गोळे खाऊन घसा बसवतात. गेल्या साली नातीच्या लग्नात तो मान आमच्या घरातच आला. माझ्या बायकोला कोणत्याच गोळ्याची गरज पडली नाही, हे मी छाती फुगवून सांगतो.

आता होड्यांना इंजिनं आली, वाट दाखवणारी यंत्रं आली. धोंडेवर उभं राहून हाका मारायला कोणी नसतं. तरी आजही खारशेतची एकही होडी इथून मुक्याने आत येत नाही. थांबा जरा, ती पाहा एक येतेय. ऐका.

"आयलो गो, आयलो!"