तीनशे फुटांवरचा प्रसाद

“सर, मला एकटीला कधी सोडणार?”

रेवती खानविलकरनं हे विचारलं तेव्हा मी हँगरच्या सावलीत चहा पीत उभा होतो. आईशप्पथ खरं. म्हणजे, उभा नव्हतो. त्या फ्लाइंग क्लबात मी आजवर पाऊल ठेवलेलं नाही. पण चहा होता, आणि गोष्ट अक्षरशः खरी आहे.

मुजावर सर तिला उडायला शिकवत. ते वाकून विमानाचं चाक अंगठ्यानं दाबून बघत होते. हवाई दलातून निवृत्त झालेला माणूस, पांढरी दाढी, बोलणं बेताचं. धावपट्टीच्या कुंपणापलीकडे एक पीर होता. दर गुरुवारी सर तिथं जाऊन येत आणि विद्यार्थ्यांच्या हातावर चिरमुरे-फुटाण्यांचा प्रसाद ठेवत.

“माझ्या मागून आलेला तो चौगुले परवा एकटा उडून आला,” रेवती म्हणाली. “विमान उतरवतो का आपटतो, कळत नाही. माझं एक चुकलेलं दाखवा.”

“चुकत काही नाही तुझं.”

“मग?”

“धरतेस फार.”

“विमान आहे, सर. धरायचं नाही तर काय करायचं?”

सर हसले.

“चल, बस.”

ती डावीकडे बसली, सर उजवीकडे. पट्टा, पेट्रोल, पंखांच्या झडपा… पाढे म्हणावेत तशी ती एकेक तपासणी म्हणत गेली.

“खुर्ची?” सरांनी विचारलं.

त्या छोट्या विमानात खुर्ची रुळावर पुढेमागे सरकते. खिट्टी पडली की अडकते. खिट्टी खरंच पडली का, हे अंगाला हिसका देऊन बघायचं असतं. पण रेवतीच्या डोक्यात चौगुले बसला होता.

“बघितली,” ती म्हणाली.

विमान धावलं, उचललं, वर चढलं. झाडं खाली गेली. तीनशे फूट.

खट्.

खुर्ची मागे गेली, तिच्यासकट. पाय पेडलवरून सुटले, समोरची काच एकदम लांब गेली. पडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो. रेवतीच्या हाताला विमानाचं अर्धगोल स्टिअरिंग होतं. दोन्ही मुठींनी तिनं ते आवळलं आणि तेही तिच्याबरोबर मागे आलं.

स्टिअरिंग मागे, की विमानाचं नाक वर.

समोर जमीन दिसेना. नुसतं पांढरं आभाळ… मग भोंगा वाजायला लागला. तो भोंगा एकच गोष्ट सांगतो: वेग संपत आलाय, आता पंख विमानाला धरणार नाहीत.

“सोड,” सर म्हणाले.

तिला ऐकू आलं. सोडायला हवं हेही कळलं.

“सोडलं, सर! सोडलं!” ती किंचाळली आणि आणखी घट्ट धरलं.

सर आपल्या बाजूचं स्टिअरिंग उजव्या हातानं पुढे रेटत होते. पण तो एक म्हातारा हात, आणि इकडे तरण्या पोरीचं सगळं वजन लोंबकळलेलं. भोंगा ताणून ओरडू लागला. डावा पंख कलला. बाजूच्या खिडकीतून तिला ऊस दिसला. हिरवागार, भलत्याच कोनात, आणि पान नि पान मोजता येईल इतका जवळ.

सरांनी डावा हात खिशात घातला.

बंद मूठ तिच्या नाकासमोर आली.

“रेवती, प्रसाद.”

आता, ‘एका हातानं काय घेतेस, कारटे?’ म्हणत जिच्या पाठीत आत्यानं लहानपणी धपाटे घातलेत, ती पोरगी प्रसादाला विचार करत नाही. उजवा हात वर आला, त्याच्याखाली डावा.

ओंजळ झाली.

स्टिअरिंग सुटलं. सरांच्या एका हातानं नाक खाली आलं. आभाळ वर गेलं, क्षितिज परत जागेवर बसलं. भोंगा गप्प झाला. चिरमुरे-फुटाणे केबिनभर उडाले, दोन तिच्या केसांत अडकले.

“आता खुर्ची पुढे घे,” सर म्हणाले. “सावकाश.”

सरांनी विमान उतरवलं आणि धावपट्टीच्या कडेला आणून इंजिन बंद केलं.

“खुर्ची बघितली नव्हती मी,” रेवती म्हणाली. “खोटं बोलले.”

“हं.”

“म्हणजे आता एकटीला नाहीच सोडणार.”

रेवतीनं हात खाली घालून खिट्टी चाचपली. अंगाला हिसका दिला. पुढे, मागे. परत पुढे. कुणी सांगितलं नव्हतं.

सरांनी आपला पट्टा सोडला आणि ते खाली उतरले. मग आत वाकून रिकाम्या खुर्चीवर तो पट्टा त्यांनी घट्ट बांधून टाकला.

“सर… एकटीला? आत्ता? अहो, हात थरथरतायत माझे.”

“थरथरणाऱ्या हातांना घट्ट धरता येत नाही,” सर म्हणाले. “जा.”

ती गेली. एक फेरी मारून आली. उतरताना चौगुलेपेक्षाही जोरात आपटली.

आता कबूल करून टाकतो. चिरमुरे मी घातले. फुटाणे माझे, आणि केसांत अडकलेले दोन तर शुद्ध थाप. त्या दिवशी गुरुवार नव्हता. मूठ उघडली तेव्हा आत काहीच नव्हतं.

हे रेवतीच्या ध्यानात आलं ते एकटीनं उडून आल्यावर. ती तडक सरांपाशी गेली.

“सर, तुमची मूठ रिकामी होती.”

सरांनी तिच्या दोन्ही हातांकडे पाहिलं, मग ती नुकतंच उतरवून आली त्या विमानाकडे.

“मग ओंजळीत काय आलं?”