संमतीला हात वर

एका गावच्या दवाखान्यात एक भोळा शिपाई होता. नाव केरबा, पण वयाला मान म्हणून सगळे नाना म्हणत. तिथेच शर्वरी नावाची एक हुशार डॉक्टरीण आली. ती हुशार आहे हे तिनंच ठरवलं होतं.

गावोगावचे दवाखाने आणि तालुक्याचं रुग्णालय आता कॉम्प्युटरनं जोडलं होतं. इथला रिपोर्ट क्षणात तिथे, तिथला इथे. तो भलत्याच्या कानावर गेला तर लोक दवाखान्याची पायरी चढणार नाहीत, ही शर्वरीला धास्ती. आणि फोडणार कोण? म्हातारी माणसं, दुसरं कोण!

झालंही तसंच. नानांनी ओट्यावरून हाळी दिली, "ओ पाटील, तुमच्या मूळव्याधीचा रिपोर्ट आला!"

शर्वरी भडकली. "नाना, असं ओरडतात का? हळूच कानात सांगायचं!"

"बरं बाई."

दुसऱ्या दिवशी भामाबाईंना साखर निघाली. नानांनी रांगेतल्या एकेकाच्या कानात हळूच सांगितलं. भामाबाईंच्या जावेला दोनदा, कारण तिला कमी ऐकू येतं.

"अहो नाना! पासवर्ड सांगेल त्यालाच माहिती द्यायची!"

"बरं बाई."

मग नानांनी अख्ख्या रांगेकडून पासवर्ड पाठ करून घेतला. अगदी भजनाच्या चालीवर. "लांबून आलेली माणसं, बाई. रिकाम्या हातानं परत कशी पाठवायची?"

शर्वरीनं पासवर्ड बदलला आणि दात-ओठ खाल्ले. "आता शेवटचं सांगते. संमती घेतल्याशिवाय कुणाची माहिती कुठेही जाणार नाही. माझीसुद्धा!"

"बरं बाई. संमती."

'माझीसुद्धा' उगाच नव्हतं. बाईंचं पोट दुखत होतं. गावाला 'हात धुवा' म्हणून दरडावणाऱ्या बाई स्वतः मात्र झाडाचा पेरू तोडून तसाच खात. तपासणीला नमुना त्यांनी गुपचूप तालुक्याला धाडला होता. आणि ग्रामसभेत त्यांचंच भाषण होतं, हात धुण्यावर. रिपोर्ट फुटला असता तर गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

ग्रामसभा भरली. बाई कडाडल्या, "हात न धुता खाणारा माणूस अडाणीच! वय किती का असेना!" पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या.

तेवढ्यात नाना उठले आणि त्यांनी माइक घेतला. गावात संमती घ्यायची जागा त्यांना ठाऊक होती. आजवरचे सगळे ठराव इथेच झाले होते.

"सरपंच, तालुक्याचा फोन होता. आपल्या बाईंच्या पोटात जंत निघालेत. रिपोर्ट तिथल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचाय. संमती असेल त्यांनी हात वर करा."

सगळ्या गावानं हात वर केले. भामाबाईंच्या जावेनंही केला, नानांनी कानात सांगितल्यावर.

नाना खुशीत वळले. "बाई, ठराव मंजूर. पण तुमचा एकटीचाच हात खाली कसा? धुवायचा राहिलाय का?"